पहिल्या सालची म्हैस

१

साखळ्या सुटल्या, क्रेन मागे सरली आणि ट्रकची चाकं नानांच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत टेकली. नाना मोठ्या हौसेनं पुढं गेले आणि जागच्या जागी खिळले. ट्रकचं तोंड बदललं होतं.

"हा माझा ट्रक नव्हे," ते म्हणाले.

क्रेनवाल्यानं खिशातून कागद काढला, पत्ता वाचला, घराकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. "पत्ता तर हाच आहे," तो म्हणाला आणि निघून गेला. पत्ता बरोबर असला की त्याच्या लेखी जगात सगळं बरोबर होतं.

नानांच्या लेखी मात्र सगळंच चुकलं होतं. हा गोंधळ कळायचा तर आधी म्हैस म्हणजे काय ते कळायला हवं. म्हैस हा जुना फौजी ट्रक. जड, मंद, पण कसल्याही चिखलातून कुरकुर न करता जाणारा, म्हणून जवान त्याला म्हैस म्हणू लागले आणि तेच नाव चिकटलं. कारखान्यानं तो दोनच सालं बनवला. पहिल्या सालच्या म्हशीच्या तोंडावरची जाळी म्हणजे सुट्या लोखंडी पट्ट्या एकेक करून वेल्ड केलेल्या. पुढची काच मध्ये दांडी घालून दोन भागांत, मीटर गोल, हौदा लोखंडी. दुसऱ्या सालापर्यंत कारखान्याला घाई झाली आणि लोखंडाची चणचणही. मग जाळी एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली, काच अखंड, मीटर चौकोनी आणि हौदा चक्क लाकडाचा. जुनी वाहनं जमवणारे लोक पहिल्या सालच्या म्हशीसाठी जीव टाकतात. दुसऱ्या सालची कोणी दारात फुकट आणून उभी केली, तर तिच्यावर कपडे वाळत घालतील.

नाना काही असले जमवणारे नव्हते. उभी हयात त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती आणि सायकलवर भागवलं होतं. पण त्यांचे वडील फौजेत ड्रायव्हर होते आणि पहिल्या सालची म्हैस चालवायचे. म्हातारपणी वडिलांची आठवण गेली. आधी ते गल्ल्या विसरले, मग नातवंडं विसरले, शेवटी समोर बसून भरवणाऱ्या नानांनाच "आपण कोण?" असं अदबीनं विचारू लागले. म्हशीच्या जाळीचं विचारलं की मात्र त्यांचे डोळे उजळायचे. "ठोकलेली नाही, जोडलेली. प्रत्येक पट्टीला शिवण असते, हात फिरवून बघ." एवढं एक त्यांना शेवटपर्यंत आठवलं.

म्हणून नानांना तीच म्हैस हवी होती. जुन्या गाड्या विकणाऱ्या शेठच्या गोदामात त्यांनी स्वतः त्या जाळीवरून हात फिरवला होता आणि शिवणी बोटांना लागल्या होत्या. आता समोर होती ती गुळगुळीत, ठोकलेली जाळी. अखंड काच. चौकोनी मीटर. त्यांनी लगबगीनं मागं जाऊन पाहिलं. मागची बाजू जशीच्या तशी होती. तोच लोखंडी हौदा, हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या कोपऱ्यात तोच पोचा. डॅशबोर्डवर पहिल्या सालची पितळी पाटीसुद्धा तीच. तोंड तेवढं परकं.

त्यांनी शेठला फोन लावला.

"नाना, तोच ट्रक आहे हो," शेठ अगदी मधाळ आवाजात म्हणाले. "पाटी बघा, फाळका बघा. ट्रकचं तोंड कोण कशाला बदलेल? होतं असं. चष्मा फ्रिजमध्ये सापडतो ना, तसंच हे. मनाला लावून घेऊ नका. बॅटरी चार्जिंगला टाकलीय, झाली की मिस्त्री येऊन लावून देईल."

गेल्या महिन्यात नानांचा चष्मा खरोखरच फ्रिजमध्ये सापडला होता. त्या दिवशी घरात सगळे हसले होते. नंतर मात्र त्या गोष्टीवर कोणी हसेना.

नानांचे चिरंजीव दारात उभं राहून सगळं ऐकत होते. बायको गेल्यापासून नाना त्यांच्याकडेच राहत आणि चिरंजीव त्यांची काळजी घेत, जरा जास्तच घेत.

"बाबा, बघायला गेलात तेव्हा फोटो काढला होता का?"

"फोन घरी राहिला होता."

"राहिला होता की विसरला होतात?"

चिरंजीव जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "परवा आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ. मी वेळ घेऊन ठेवलीय."

"कधी घेतलीस?"

"मागच्या आठवड्यात."

म्हणजे ट्रक यायच्याही आधी.

२

नानांनी ताईला बोलावलं. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. विमा कंपनीत अपघाताच्या गाड्या तपासण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. समोरचा माणूस थापा मारणार असं दिसलं की ती आधी चहा मागवायची, म्हणजे थाप लांबली तरी कंटाळा यायला नको.

"ताई, मला खरं सांग," नाना म्हणाले. "माझं बाबांसारखं व्हायला लागलंय का?"

"ते मला काय ठाऊक! मी गाड्या तपासते, डोकी नाही," ताई म्हणाली. "त्या दिवशी काय झालं ते सांग. आणि गोष्ट सांगू नकोस, क्रम सांग."

नाना डोळे मिटून सांगू लागले. "पुढच्या दारानं गोदामात गेलो. ट्रकचं तोंड समोरच होतं. जाळीवर हात फिरवला, काच बघितली, आत चढून बसलो. मीटर गोल होते. शेठ म्हणाले, चालू करून बघा. पहिल्या खटक्याला चालू झाला गं! असा हंबरला की अंगावर काटा आला."

"किती वेळ चालू ठेवलास?"

"बराच. मला बंद करवेना. शेवटी मिस्त्रीनं हात घालून बंद केला."

"मग मागं गेलास?"

"आतून जाता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत टायर रचलेले आणि केबिनच्या पाठीमागं ताडपत्री सोडलेली. शेठ म्हणाले, बाहेरून जाऊ. मग रस्त्यावर आलो. सायकलवाला, काचवाला, शिंपी अशी दुकानं ओलांडली, शिंप्याशेजारी उभ्यानं चहा घेतला आणि वळून मागच्या बोळातून मागच्या दाराशी गेलो. तिथं हौदा, फाळका, मागचा धुरा, सगळं पहिल्या सालचं. सायलेन्सरच्या तोंडात तर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. मी बोट घालून जरा टोकरलं, तर मिस्त्री हसायला लागला."

ताईचा कप ओठांशी जाता जाता थांबला. "मग?"

"मग काय, इसार दिला आणि घरी आलो."

ताईनं पदर खोचला, चष्मा पुसला आणि ट्रककडे निघाली. तिनं बॉनेटचा एकेक बोल्ट बघितला, काचेभोवतीचं रबर नखानं ओढून पाहिलं. जाळीच्या मागं हात घातला तो धुळीनं काळा होऊन बाहेर आला.

"बोल्टांवरचा रंग कुठंच तुटलेला नाही. पान्याचा एक ओरखडा नाही," ती म्हणाली. "हे तोंड कित्येक वर्षांत कुणी खोललेलं नाही. या ट्रकचं तोंड हेच."

नानांनी वाकून एकेक बोल्ट स्वतः बघितला.

केबिनमध्ये ती पितळी पाटीपाशी मात्र थबकली. पाटीच्या स्क्रूंची डोकी लखलखीत होती. बाकी सगळीकडे गंज आणि हे तेवढे ताजे. तिनं त्यावरून नख फिरवलं. मग मागं गेली, गुडघ्यावर बसली आणि सायलेन्सरच्या तोंडात वाकून बघत राहिली, इतका वेळ की चिरंजीवांना वाटलं आत्याची कंबर धरली.

"मागची बाजू नानानं बघितलेलीच आहे," ती उठत म्हणाली. "मातीच्या घरावर याच्या बोटाची खूण अजून आहे."

"म्हणजे मागची बाजू तीच, तोंडही बदललेलं नाही," चिरंजीव अडखळत म्हणाले. "म्हणजे आत्या, बाबांचीच..."

"मी तसं म्हटलेलं नाही. मी अजून काहीच म्हटलेलं नाही."

पण नानांनी ऐकायचं ते ऐकलं होतं. ते त्या गुळगुळीत जाळीला हात लावून उभे राहिले. वडिलांकडे शेवटपर्यंत एवढी एकच गोष्ट शाबूत होती, आणि आपली पहिल्यांदा तीच गेली, असं त्यांना वाटलं.

"या ट्रकवर आणखी कुणाचा डोळा होता?" ताईनं विचारलं.

"एका दातांच्या डॉक्टरचा," नाना म्हणाले. "असल्या गाड्या जमवतो तो. त्याच्याकडे आता एक म्हैस आहे म्हणे. पहिल्या सालची."

३

दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागं पत्र्याच्या छपराखाली ती उभी होती. डॉक्टरनं कव्हर ओढलं. वेल्ड केलेली जाळी! दोन भागांतली काच! त्यांनी धावत जाऊन हात फिरवला. शिवणी बोटांना लागल्या.

"हीच का रे?" ताईनं हळूच विचारलं.

हो म्हणायचं नुसतं. हो म्हटलं की चोर सापडला, डोकं ठिकाणावर असल्याचं सिद्ध झालं आणि परवाचा डॉक्टर टळला. चिरंजीव तर खिशातून फोन काढून पोलिसांचा नंबर शोधायच्या बेतात होते. नाना जाळीकडे एकटक बघत राहिले, मग त्यांचे खांदे पडले.

"नाही. हिची कडेची पट्टी खाली जाताना जराशी आत झुकलीय. मी बघितली तिच्या सगळ्या पट्ट्या ओळंब्यात होत्या."

"मी ही गेल्या वर्षी घेतली, आणि तीही दुसऱ्या गावाहून," डॉक्टर जरा दुखावल्या सुरात म्हणाला. "कागद दाखवू का?"

"कागद राहू द्या," ताई म्हणाली. "शेठकडची बघायला तुम्हीही गेला होतात ना? मग घेतली का नाही?"

"बघू दिली तर घेणार ना! पुढून दाखवली. तोंड एक नंबर, मी खूश. म्हटलं आता मागून बघू, तर म्हणाले बाहेरून चला. मी म्हटलं, बाहेरून कशाला? टायर बाजूला करा, मी पुढून मागपर्यंत चासी एका नजरेत बघतो. त्यावर शेठ असे भडकले की बास. विकायचीच नाही म्हणाले. आता तुम्हीच सांगा, पेशंटनं नुसते पुढचे दात दाखवायचे आणि आ करायला सांगितलं की रागवायचं, असं कुठं असतं का?"

ताई हसली. या सगळ्या भानगडीत ती पहिल्यांदाच हसली आणि नाना आणखीच बुचकळ्यात पडले. यात हसण्यासारखं काय होतं?

"चला, शेठकडे जाऊ," ती म्हणाली. चिरंजीवांकडे वळून तिनं जोडलं, "तू पण चल."

"मी कशाला? मला ऑफिसात... म्हणजे तुम्ही दोघं जा ना."

चिरंजीवांचा चेहरा पांढरा पडला होता. ताईनं ते बघितलं आणि नानांनीही बघितलं. आपलाच मुलगा शेठला भेटायला का घाबरतो हे काही त्यांना उमगेना.

"तू चलच," ताई म्हणाली.

४

गोदामाच्या पुढच्या दाराशी गाडी थांबली, पण ताई आत शिरली नाही. तिनं नानांचा हात धरला आणि फुटपाथवरून चालायला लागली. सायकलवाला गेला. काचवाला गेला. शिंपी मशीनवरून मान वर करून बघत राहिला, तोही मागं पडला. मग वळण, बोळ आणि मागचं दार.

"नाना, आपण गोदामाच्या कडेकडेनंच आलो ना?"

"हो, ही सगळी दुकानं गोदामाच्याच भिंतीला लागून आहेत."

"त्या दाराशी तुझ्या म्हशीचं तोंड होतं आणि या दाराशी फाळका. मधे तीन दुकानं बसतील एवढी जागा. म्हैस केवढी लांब असते रे?"

नाना बोळात उभे राहिले. त्यांना त्या दिवशीचं सगळं आठवत होतं, पट्टी न् पट्टी, फक्त हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. पुढं जाऊन तोंड बघायचं, मागं जाऊन शेपूट बघायचं. मधला ट्रक माणूस मनातच भरून घेतो. चहा पिऊन, गप्पा मारून, दोन वळणं घेऊन आल्यावर तर घेतोच.

"पण ताई, इंजिन... मी स्वतः चालू केलं होतं."

"तेच तर. एवढा वेळ इंजिन चाललं, मिनिटामिनिटाला धूर फेकला, आणि तू मागं आलास तेव्हा सायलेन्सरच्या तोंडातलं मातीचं घर शाबूत? तू चालू केलंस ते इंजिन आणि तू बोट घातलंस तो सायलेन्सर एका ट्रकचे असूच शकत नाहीत."

शेठ ऑफिसातून हात जोडत बाहेर आले. मिस्त्री हात पुसत त्यांच्या मागं उभा राहिला.

"नाना, या या! आता तरी आठवलं का?"

"टायर बाजूला करायला सांगा," ताई म्हणाली.

"अहो, तिथं काही नाही, नुसतं भंगार..."

"मग भंगार बघू."

शेठनी मिस्त्रीकडे डोळे वटारले. मिस्त्रीनं शेठकडे बघितलं, नानांकडे बघितलं. त्या दिवशी जाळीवर हात फिरवताना नानांच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यानं पाहिलं होतं. तो पुढं झाला, टायर लोटू लागला आणि मग त्यानं ताडपत्रीची दोरी सोडली.

पुढच्या दाराशी म्हैस उभी होती. वेल्ड केलेली जाळी, ओळंब्यात उभ्या पट्ट्या, दोन भागांतली काच. डॅशबोर्डवर पाटीच्या जागी नुसती स्क्रूची भोकं. आणि केबिनच्या मागं काहीच नव्हतं. हौदा नाही, धुरा नाही, मागची चाकं नाहीत, पुढचं सगळं धड लाकडी ओंडक्यांवर टेकवलेलं.

नाना जाळीशी गेले. त्यांनी हात फिरवला आणि शिवणी मोजल्यासारखी बोटं एकेका पट्टीवर थांबवली. मग तिथंच कपाळ टेकून ते रडले, आणि कुणी बघतंय याची त्यांना मुळीच पर्वा वाटली नाही.

५

"मागचा भाग त्या दुसऱ्या सालच्या ट्रकला लावलाय, फार पूर्वीच," मिस्त्री म्हणाला. "त्याचा हौदा कुजला होता, धुराही मोडला होता."

"म्हणजे नानाला पाठवलात तो ट्रक तोच," ताई म्हणाली. "त्या दिवशी तो मागच्या दाराकडे पाठ करून उभा होता. तोंड याचं दाखवलंत, शेपूट त्याचं. पाठवताना पितळी पाटी तेवढी काढून त्याच्यात बसवलीत. शेठ, इसार आज घरी पोचायला हवा. नाही पोचला तर मी येऊन बसेन आणि चहा मागवत राहीन."

"पोचेल," शेठ खाली बघत म्हणाले.

"एक मात्र मला कळलं नाही. माणूस घरी जाऊन जाळी बघणार, बोंब मारणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी पाठवलात. कशाच्या जोरावर? आणि याचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

शेठनी हनुवटीनं नानांच्या पाठीमागं खूण केली.

नानांनी वळून बघितलं. तिथं चिरंजीव उभे होते.

"इसार दिला त्याच दिवशी यांचा फोन आला," शेठ म्हणाले. "वडील हल्ली विसरतात म्हणाले. चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात. ट्रक घ्यायचं त्यांनी कबूल केलं असलं तरी थोडं थांबा म्हणाले, त्यांना आठवणारही नाही कदाचित. माझा विचार दोन्ही ट्रक जोडून एक करून द्यायचा होता हो. पण एवढं सगळं खोलायचं, जोडायचं... यांचा फोन आला आणि म्हटलं, त्यांना आठवणारच नसेल तर जोडायची तरी काय गरज?"

मिस्त्री उगीचच एक टायर सरळ करत राहिला.

नाना बाहेर येऊन गाडीत बसले. ताई मागं बसली. चिरंजीव स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले.

"बाबा, मला वाटलं तुम्ही फसाल," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं मी तुम्हाला वाचवतोय. देवाशप्पथ."

नानांना भयंकर राग आला होता. आणि हा राग आपल्याला आलाय, आपल्याच डोक्यातून आलाय, डोकं शाबूत आहे म्हणून आलाय, याचा आनंदही होत होता. पोराच्या मानेवरचा घाम बघून त्याची कीवही येत होती. यातलं कुठलं आधी बोलावं ते त्यांना कळेना.

"शेठला सांगितलंस," ते म्हणाले. "वेळ घेताना त्या डॉक्टरला सांगितलंस. आणखी कुणाकुणाला सांगितलंस?"

चिरंजीवांनी मान खाली घातली. मग त्यांनी मान वर केली, आणि त्यांचा आवाज लहानपणी चित्र बिघडल्यावर यायचा तसा आला.

"बाबा, खरंच विसरता का हो तुम्ही?"

'छे' हा शब्द नानांच्या जिभेवर तयार होता. आता तर पुरावाही होता, साक्षीला ताई होती. नुसतं छे म्हणायचं आणि सगळं मिटवून टाकायचं.

"हो," नाना म्हणाले. "जाळी नाही विसरलो. पण मागं एकदा फिरायला गेलो आणि शाळेपाशी उभा राहिलो, आणि घर कुठल्या बाजूला ते आठवेना. शाळा माझीच, रस्ता रोजचा, आणि आठवेना. मग एका बाईंच्या मागं मागं चालत आलो. फार घाबरलो होतो रे."

चिरंजीव स्टिअरिंगवरून हात काढून त्यांच्याकडे वळले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू आज पहिल्यांदा विचारलंस," नाना म्हणाले.